वर्गानं पाहिलेलं, चिमीनं लिहिलेलं

१ जुलै ९८, बुधवार
पहिली पाळी. प्रेसमधून घरी आलो तर चिमी पलंगावर झोपलेली, सुमन उशाशी. शाळेतल्या बाईंनी रिक्षानं आणून सोडलं. वर्गात झटका. या वर्षातला चौथा. संध्याकाळी आमच्या डॉ.कडे. दोन वर्षं ताकदीच्या गोळ्या नि टॉनिक देत आलेत, आज पहिल्यांदा म्हणाले, "हे माझ्या हातातलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा." मुंबईचे मोठे डॉ. महिन्याच्या चौथ्या गुरुवारी इथल्या हॉस्पिटलच्या ओपीडीत बसतात. चिठ्ठी दिली. म्हणजे २३ तारीख.

२ जुलै, गुरु.
नंबर लावून आलो. खिडकीतली बाई म्हणाली जुने सगळे कागद आणा. आमच्या डॉ.नी आणखी एक काम दिलंय: झटक्यात नेमकं काय होतं ते पाहणाऱ्यानं लिहून न्यायचं. सुरुवात कशी, कोणता हात, मान कुठे वळते, किती वेळ. "मोठे डॉक्टर फाइलच्या आधी हे विचारतील." सोपं वाटलं.

५ जुलै, रवि.
सोपं नाही. मी आणि सुमन कागद घेऊन बसलो. कोणता हात? सुमन म्हणाली, "मी डोळे मिटून देवाचं नाव घेते हो." आणि मी? मी चप्पल शोधायला धावतो, नाकाला लावायला. किती वेळ? ती म्हणे दहा मिनिटं, मी म्हणे दोन. कागद कोरा.
चिमी दारात उभी होती. म्हणाली, "तुम्ही दोघं तेव्हा माझ्याकडे बघतच नाही."
रागानं नाही म्हणाली. तेच जास्त लागलं. वीस वर्षं छापलेल्या कागदावरचा केसाएवढा डाग शोधायची नोकरी करतोय मी. आणि पोटच्या पोरीचा हात कोणता ते…

८ जुलै, बुध.
लासलगावहून मेहुणा आला. सुमननंच फोनवर सांगितलं असणार. "पाव्हणं, मेंदूचा डाक्टर म्हंजे येड्यांचाच ना? पोर नववीला हाय. उद्या सोयरीक कोण करंल? लय बोभाटा करू नका." सुमन रडायला लागली.
चिमी चहा घेऊन आली. कप ठेवला आणि म्हणाली, "मामा, मी वर्गात पडते, साठ पोरांसमोर. बोभाटा कधीच झालाय. आता औषध करू या."
मामानं चहा बशीत ओतला, फुंकत बसला. जेवायला थांबला नाही.

१० जुलै, शुक्र.
आजचं सगळं लिहून ठेवतो.
चिमीच्या वर्गशिक्षिका घरी आल्या. पाहिलं आणि वाटलं, परत पडली की काय. "नाही नाही, बसा," म्हणाल्या. मग सांगितलं. गणिताचे सर रजेवर होते. ऑफ तासाला चिमी बाईंकडे गेली, "मला वर्गाशी पाच मिनिटं बोलायचंय." फळ्यापाशी उभी राहिली. म्हणाली, "मला झटका येतो तेव्हा मला काहीच कळत नाही. तुम्हाला दिसतं. काय दिसतं ते सांगा, डॉक्टरांना द्यायचंय. मला राग येणार नाही."
मागच्या बाकावर दोघं हसले. ही तिथेच उभी. बाई म्हणाल्या, मी ओरडणार होते त्यांच्यावर, तिनं मलाच हातानं थांबवलं.
मग तिच्या बाकावरची रुखसाना उठली. "मी दोन वेळा घड्याळ लावून बघितलंय," म्हणाली. तिच्यानंतर एकेक. हसणाऱ्यांपैकी एकजण पण.
"पंचवीस वर्षं शिकवतेय," बाई म्हणाल्या, "मला नसतं जमलं." आणि डोळे पुसले. चहा घ्या म्हणालो. साखर आहे का म्हणून सुमनला दोनदा विचारलं.

१२ जुलै, रवि.
चिमीनं वहीचं एक पान केलंय. तसंच उतरवतो:
आधी बोलता बोलता गप्प होते. एकटक बघते. तोंड हलतं, चणे खाल्ल्यासारखं. डावा हात फ्रॉकशी चाळा करतो. उजवा हात वाकडा होऊन ताठ. मान उजवीकडे. मग पडते. पडल्यावर सगळं अंग. रुखसानाचं घड्याळ: एकदा दीड मिनिट, एकदा दोनला थोडं कमी. नंतर कुठे आहे कळत नाही, नाव विचारलं तर रुखसानाचं सांगते.
खाली तिचं स्वतःचं: "सुरू होण्याआधी जळक्या रबराचा वास येतो."
"हे कधी सांगितलं नाहीस?"
"कुणी विचारलंच नाही, पप्पा."
ते चणे खाल्ल्यासारखं तेवढं काढ म्हणालो, बरं दिसत नाही. म्हणाली, "तेही दिसलंय ना त्यांना? मग राहू दे."
राहिलं.

१७ जुलै, शुक्र.
संध्याकाळी पावणेसातला घरीच. ताट घेत होती. "वास येतोय" एवढं म्हणाली. या खेपेला मी हललो नाही. चप्पल नाही. खाली धरून बसलो आणि बघितलं. उजवा हात. बरोबर उजवा. एक मिनिट पन्नास सेकंद. इतका लांब वेळ आयुष्यात नसेल काढला. सुमन पण बघत होती, तिनं माझा खांदा धरला होता. चिमी जागी झाल्यावर वेळ सांगितली. तिनं पानावर लिहून घेतली, माझं नाव साक्षीदार म्हणून.

२३ जुलै, गुरु.
रजा टाकली. सहाला रांगेत, केस पेपर, नंबर अकरावा. दीडला आत. मी फाइल पुढे केली. डॉ.नी मला न विचारता तिलाच विचारलं, "काय होतं बाळ?" तिनं पान दिलं. त्यांनी वाचलं. परत वाचलं. "कुणी लिहिलं?"
"वर्गानं पाहिलं, सर. लिहिलं मी."
चष्मा काढून बघत राहिले तिच्याकडे. बरोबरच्या शिकाऊ डॉ.ना म्हणाले, "हे वाचा. हिस्टरी अशी असते." आणि मला, "याची झेरॉक्स मला द्या."
खाली झेरॉक्सवाल्याकडे गेलो. दोन काढल्या. एक माझ्यासाठी.
अपस्मार म्हणाले. डोक्याच्या डाव्या बाजूनं सुरू होत असावं. वेड नाही, बाधा नाही. मेंदूचा आलेख काढायचा आहे, ईईजी, पुढच्या आठवड्यात. नव्या गोळ्या. झटक्यात कुशीवर वळवा, तोंडात-नाकात काही नको. थांबतील का? "बऱ्याच मुलांचे थांबतात. हिचं आत्ता सांगत नाही."
बाहेर आल्यावर ती म्हणाली भूक लागली. मिसळ खाल्ली दोघांनी. तिनं माझाही पाव खाल्ला.

२६ जुलै, रवि.
गोळ्यांनी झोप फार येते तिला. झटका नाही, पण तीनच दिवस झालेत.
शाळेत गाइडचं शिबिर आहे ऑगस्टात, तीन दिवस, मुक्कामी. फॉर्म घेऊन आली. भरलेला. "काही आजार आहे का?" या रकान्यात: हो, अपस्मार. गोळ्या चालू. झटका आला तर काय करायचं ते मागे लिहिलं आहे. मागे पूर्ण पान भरलंय.
सुमन म्हणाली, "लिहायलाच हवं का गं? घेणार नाहीत तुला."
"मग नाही घेणार. पण खोटं लिहून नाही जाणार."
सुमननं फॉर्म उलटून मागचं पान वाचलं. मग तिनंच पेन शोधून माझ्या हातात दिलं. सही केली.
फॉर्म उद्या शाळेत जाईल.