गुंड्याचा खाऊ

३ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा तेच! आई गुंड्याला चहात बुडवलेली खारी भरवत होत्या. मकाव म्हणजे केवढा मोठा पोपट, म्हणून त्याला माणसांचं सगळं चालतं असं त्यांना वाटतं. मी सरळ बोलले — तुमच्या लाडानेच मरेल तो. सासू असून त्यांनी उरलेली खारी लगेच डब्यात ठेवली. मग वाटलं, जास्तच झालं. बाबांनी पिल्लू असताना आणलेला तो. बाबा गेल्यापासून दिवसभर त्या बोलतात ते त्याच्याशीच.
तरी यापुढे खाऊ मी ठरवणार. उकडलेला मका, डाळिंब, गाजर, एखादा अक्रोड.

५ फेब्रुवारी
गुंड्या गाजर फेकतो आणि आईंकडे बघतो. आई माझ्याकडे बघतात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी कॉल चालू असताना टोस्ट खात होते. गुंड्या माझ्या खुर्चीच्या पाठीवर येऊन बसला — आपणहून, पहिल्यांदाच! टोस्टवरचं ॲव्होकाडो त्याला दिलं. बोटभर, मग अजून थोडं. आपल्याला एवढं पौष्टिक, तर त्याला का नाही? फार बरं वाटलं मला. आई तेव्हा झोपल्या होत्या.
संध्याकाळी पाहिलं तर पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुलवून बसलेला. श्वास घेताना शेपटीसुद्धा हलत होती. मी, सत्यजीत आणि आई, तिघंही त्याला घेऊन खारघरच्या दवाखान्यात. काय खाल्लं, डॉक्टरांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून आलं, "आई त्याला खारी देतात."
आईंनी मान खाली घातली. सकाळी चोरून एक तुकडा दिला होता म्हणाल्या. सत्यजीत स्वतःच्या आईवर चिडला, तिथेच, चार लोकांसमोर. मी फरशीकडे बघत राहिले.
घरी येऊन मोबाइलवर शोधलं. ॲव्होकाडो पक्ष्यांना विषासारखं! बाथरूमचं दार लावून डॉक्टरांना फोन केला, दबक्या आवाजात खरं सांगितलं. बरं झालं सांगितलंत, म्हणाले. गुंड्या तिथेच, ऑक्सिजनवर.
बाहेर आई देवापुढे बसल्या होत्या. त्यांना नाही सांगितलं. सत्यजीतलाही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
आईंनी चहा सोडलाय. गुंड्या घरी येईपर्यंत नाही, म्हणाल्या. सत्यजीत त्यांच्याशी धड बोलत नाही. मी त्यांच्या आवडीची मुगाची खिचडी केली. त्या चांगली झालीय म्हणाल्या, आणि मला तिथे बसवेना.

९ फेब्रुवारी, सोमवार
माझी मीटिंग होती, म्हणून आई एकट्याच रिक्षाने जाऊन गुंड्याला घेऊन आल्या. वाचला! अशक्त आहे, पण मक्याचे दाणे टिपतोय. आईंनी पिंजरा माझ्या टेबलाशेजारी ठेवला. "आता तूच भरव त्याला." बस, एवढंच. धसका घेतलाय त्यांनी. माझ्यामुळे.

१० फेब्रुवारी
सकाळी दोघांसमोर सांगून टाकलं. खारी नव्हे, ॲव्होकाडो. मीच दिलं, आणि मला शुक्रवारपासून माहीत होतं. सत्यजीत उठून आईंच्या जवळ जाऊन बसला. आई डाळिंब सोलत होत्या. सोलतच राहिल्या.

११ फेब्रुवारी
आईंनी आज हाक मारून शेजारी बसवलं. म्हणाल्या, "मला डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं. तू कधी सांगतेस, तेवढं बघत होते."