झुवैना

३ नोव्हेंबर
डॉक्टर असीलाने लिहायला लावलं म्हणून लिहिते, एरवी मला हा नाद नाही. रोज कुठला सांधा दुखतो, किती वेळ, कशाने उतरतं. आज — उजवं मनगट, डावा घोटा. पहाटे फजरच्या नमाजाला बोटं मिटेनात. रक्ताचे अहवाल पुन्हा अर्धवट. "शरीर स्वतःवरच उलटलं असावं, पण खात्री नाही. लहानपणी असं काही झालं होतं?" नाही म्हटलं. असले आजार पुढच्या पिढीतही उतरतात म्हणे. माझी लेक गनिया बाळंतपणाला मस्कतहून इथे आली आहे. मुलगी झाली. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर
गुडघा. आंघोळीच्या वेळी लक्षात आलं — जिथे जिथे दुखतं, तिथे तिथे जुना पांढरा वण आहे. तान्ही असताना चुलीत पडले, असं आई सांगायची. चुलीत पडून इतके गोल वण उठतात? आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि हे कधी विचारलं नाही.
खांद्यावरही एक आहे. खांदा दुखत नाही.

७ नोव्हेंबर
खांदा.

८ नोव्हेंबर
रय्या मावशी बाळ बघायला आली. कहवा झाल्यावर तिच्यासमोर बाही वर केली. तिने हातातला खजूर खाली ठेवला.
"चुलीत कोण पडतंय. आम्हीच डागलं तुला. सांधे धरले होते, हात लावला की किंचाळायचीस. डागूनही उतरेना. मग मशिदीतले शेख म्हणाले, हिला नाव सोसत नाही, बदला. झुवैना होतीस तू. शम्सा म्हणायला लागलो आणि पाय झाडत खेळायला लागलीस."
"म्हणजे आजार नावाला झाला होता?"
"हस. कुवेतला कॉलेज केलंस ना, हसणारच. ते झुवैनाला शोधतंय अजून. आता तुझा माग लागला असेल."

१० नोव्हेंबर
बाळाचा सातवा दिवस. बकरा कापला, जावळ काढलं. नावावरून गनियाची आणि जावयाची जुंपलेली. मी म्हटलं, "झुवैना ठेवा." चांगलं नाव, उगाच पडून आहे. असल्या भाकडकथा वर्गात कधी चालू दिल्या नाहीत, घरात का चालवू? दोघांनाही आवडलं.
मावशी ताटावरून उठली. दारात म्हणाली, "पत्ता दिलास गं त्याला."
गनिया हसली. "आई, निदान हलवा तरी बांधून द्यायचास तिला."

११ नोव्हेंबर
मूठ मिटली. खांदा, गुडघा, घोटा — कुठेच काही नाही. गोळ्या अजून सुरूही केलेल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर
जिना सरळ चढले. दुपट्यात गुंडाळताना बाळ किंचाळतं, गनिया म्हणाली. "पोटात वायू धरला असेल," मी म्हटलं. मनगट बघितलं नाही. मुद्दाम.

१३ नोव्हेंबर
बघितलं. सुजलंय. उजवंच. गनिया विचारत होती, "आई, तू अशी का बघतेस?"

१४ नोव्हेंबर
रुग्णालयात दिलं — बाळाचं रक्त, दोन नळ्या. जन्मनोंद अजून व्हायची आहे. परिचारिकेने नळीवर घालायला नाव विचारलं.
"शम्सा," मी म्हटलं. गनिया माझ्याकडे बघत राहिली.
"आणि आजी, सोबत कोण त्या रकान्यात तुमचं?"
"झुवैना."
घरी येईपर्यंत बाळ शांत झोपलं. हे डाव्या हाताने लिहिते आहे.