अकरा डबे आणि त्यांवरचा उजेड

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, सर्व्हरच्या खोलीत तीस वर्षं यंत्रं बदलून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या धाकाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते, त्यातला एक संपला. बरं होण्याची आशा नाही, तेव्हा त्या विषयावर शाई घालवत नाही.

कलम एक. राहतं घर पत्नीचं, तिच्यानंतर मुलीचं. यात कुणी नाक खुपसू नये.

कलम दोन. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन मुलीला. मेहुण्याला यातला स्क्रूसुद्धा देऊ नये. मोडीत निघालेल्या सर्व्हरचे पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारे डबे, मी परवानगीने घरी आणायचो आणि त्यांवर दिव्यांच्या पट्ट्या चालवायचो. त्यातला एक डबा त्याने मागून नेला. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण करंट इतका असतो की बारीक वायर वितळते. जाड वायर घे, फ्यूज घाल, असं चारदा बजावलं. या शहाण्याने दारावरच्या घंटेची वायर लावली, पडदा जाळला आणि नातेवाइकांत माझ्या नावाने बोंब मारली.

कलम तीन. घरात असे अकरा डबे आहेत. पहिले दोन हौसेचे, बाकीचे पत्नीसाठी. ती रफूचं काम करायची. कापड कुठे फाटलं होतं ते गिऱ्हाइकालाही सापडत नसे. मग नजर अधू होऊ लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नस सुकते आहे, उजेड वाढवून उपयोग नाही. मी ऐकलं नाही. दर वर्षी डबे वाढवत गेलो आणि दर वेळी ती म्हणायची, आता बरं दिसतंय.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिच्या टेबलावरच्या पट्ट्यांचा फ्यूज उडाला. दिवे विझले, डबा गार ठेवणारा आतला पंखा मात्र फिरत राहिला. मांडीवर कापड घेऊन ती अंधारात म्हणाली, "आज अगदी लख्ख उजेड पडलाय." ती पंख्याच्या आवाजावरून बोलत होती. मी तिला न सांगता फ्यूज बदलला. त्या दिवशी माझा धीर सुटला तो सुटलाच.

कलम चार. माझ्यामागे मुलीने आईला आपल्याकडे न्यावं. सोबत तीन डबे न्यावेत आणि रोज संध्याकाळी सुरू करावेत. पट्ट्या जोडल्या नाहीत तरी चालेल.

कलम पाच. काल हे सगळं पत्नीला वाचून दाखवलं. तिसरं कलम आणि चौथ्यातलं शेवटचं वाक्य गाळलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डबे नकोत. पंखा फिरत असला की तुम्ही आत काहीतरी जोडत बसलाय असं वाटतं. तुम्ही गेल्यावरही तसंच वाटत राहिलं तर मी काय करू?"

सबब, चौथ्या कलमातला डब्यांचा भाग रद्द. मी गेलो की त्याच दिवशी, लोक जमायच्या आधी, मुलीने आईला सांगून अकराही डबे एकेक करून बंद करावेत. शेवटचा बंद होताना कुणीतरी तिचा हात धरून बसावं.

ठिकाण: राहत्या घरातली कामाची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर

सही: मृत्युपत्र करणारा

आमच्यासमक्ष सही केली:
१. उपचार करणारे डॉक्टर
२. शेजारचे शिंपी