फक्त ‘नाही’ असेल तरच

५ मे, सोमवार
थकलो. जंगलातल्या या तालुक्यात सहा वर्षं फायली चाळतोय. आज निश्चय केला, यापुढे कॉम्प्युटर चाळेल. यूट्यूब बघून फ्लो बनवला. अर्ज स्कॅन झाला की यादीत नोंद होते. ‘त्रुटी आहे का?’ हा रकाना हाताने टाइप करायचा; त्यात फक्त ‘नाही’ असेल तरच फाइल आपोआप जिल्ह्याला जाते. बाकी सगळं ‘बाजूला’ नावाच्या फोल्डरात. साहेब म्हणाले, धनराजभाऊ, तुम्ही इथी वाया चाललात. तेच तर मी म्हणतो.

७ मे
बदलीचे अर्जही याच फ्लोतून पाठवायचे, साहेबांचा आदेश. मुदत ३० तारखेची. पहिला माझा टाकला, बल्लारपूरसाठी. कूलर बंद होता, घाईतच भरला. चंचलला फोन केला की यंदा पक्कं, मी घरी येतोच. म्हणाली, हे मी पाचव्यांदा ऐकून राह्यली. बायकोला ऑटोमेशन काय कळणार.

१३ मे, दु. ३
ऊन ४६. टेबलावर एकही फाइल नाही. तासभर रिकामं टेबल बघत बसलो. उद्यापासून प्राणायाम.

१४ मे
प्राणायाम राहिला. फार गरम होतं.

२० मे
सोमारीबाई आल्या. शेताच्या पट्ट्याचा अर्ज आहे त्यांचा. बावीस किलोमीटर, अर्धं पायी. म्हणाल्या, माहा कागद जिल्ह्यात आलाच नाई म्हन्ते, कुठी गेला? समजावलं की बाई, कागद आता क्लाउडमध्ये असतो, म्हणजे ढगात. दारात उभ्या राहून बराच वेळ आभाळाकडे बघत होत्या. समजावून समजावून जीव जातो माझा.

२६ मे
सोमारीबाई पुन्हा. सोबत त्यांच्या गावचा डोमा नावाचा पोरगा. म्हणे, अख्ख्या गावाचे कागद पोचले नाई. मी सांगितलं, जिल्ह्याचं नेट खराब आहे. असणारच.

२९ मे, गुरुवार
‘बाजूला’ फोल्डर उघडला. २१२ फायली. हे सगळं आमच्या ऑपरेटर दीपिकाचं काम. रकान्यात ‘नाही’च्या जागी ‘नाई’. झापलं तिला. म्हटलं, कॉम्प्युटरला इथली झाडीबोली कळत नाही, शुद्ध लिहायला शिका. ती म्हणाली, सर, फिल्टरमध्ये ‘नाई’बी टाकून द्या ना, दोन मिनिटांचं काम हाय. मी म्हटलं, चुकीसाठी नियम बदलत नसतात. मग म्हणाली, सर, तुमचीबी एक... मी म्हटलं, आधी आपलं बघा.

३० मे, सायं. ५
दीपिकाने २११ दुरुस्त केल्या. सोमारीबाईंची गेली. एक राहिली, तिच्या लॉगिनमधून उघडत नाही म्हणे. म्हटलं, राहू द्या, एका फाइलीवाचून जिल्ह्याचं काही अडत नाही. खोलीवर येऊन बॅग भरायला घेतली.

९ जून
बदल्यांची यादी आली. माझं नाव नाही. जिल्ह्याला फोन केला. म्हणे, तुमचा अर्जच आलेला नाही. ‘बाजूला’ उघडला. आत एकच फाइल. माझी. रकान्यात मीच टाइप केलेलं: ‘नाई’. दीपिकाने चहा आणून ठेवला. तेच जास्त लागलं. चंचलला अजून फोन केलेला नाही.

दुपारी जेवायला खोलीवर आलो, तर सोमारीबाई तिथेच आल्या. पट्टा मंजूर झाला म्हणून पानात बांधून चारोळी आणली. भरलेली बॅग कोपऱ्यात दिसली त्यांना. विचारलं, सायेब, तुमचं काम झालं का?

मी म्हटलं, नाई.