चोवीस व्होल्टच्या दोन पेट्यांची वाटणी

मी, रंगराव नारायणराव सुलाखे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार लष्कर मोहल्ला, म्हैसूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. सुईत दोरा ओवायला शेजारच्या जमुनाबाई लागतात, पण त्याचा अकलेशी संबंध नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. खालचे दुकान व वरच्या दोन खोल्या मुलगा सुदीप आणि मुलगी अमूल्या यांना सारख्या वाट्याने मिळाव्यात. यावरून भांडण होईल अशी भीती नाही. भांडायला आधी बोलावे लागते, आणि ती दोघे चार वर्षे बोललेली नाहीत.

२. त्याचे कारण असे. माझी पत्नी कै. कुसुमबाई हिच्या वर्षश्राद्धाला मी तिने गायलेल्या अभंगांच्या टेपची स्पूल लावायला सांगितली. सुदीपने बटण दाबले आणि मी तरुणपणी भजनासाठी बांधलेल्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर धूर सोडून बंद पडला. अमूल्या म्हणाली, "आईचा आवाज पण जाळलास की रे!" सुदीप म्हणाला, "आई आजारी होती तेव्हा तू कुठं होतीस?" जेवण पानात राहिले. याद्वारे जाहीर करतो की ट्रान्सफॉर्मर वयाने गेला. मीही तसाच जाणार आहे. तेव्हाही कोणी कोणाला दोष देऊ नये.

३. तो जळका ट्रान्सफॉर्मर माझे चुलतभाऊ पांडुरंगराव यांना द्यावा. "सुदीपला वायरीतलं काय कळतं?" असे त्यांनी त्या दिवशी भर पंगतीत, अमूल्याला ऐकू जाईल अशा बेताने विचारले होते. वस्तू जड आहे. उचलताना कंबर सांभाळावी.

४. हा ॲम्प्लिफायर नुसत्या चोवीस व्होल्टवर चालत नाही. त्याला शून्याच्या वर चोवीस लागतात आणि खालीही चोवीस. सुदीपने हेब्बाळच्या कारखान्यात मशीनला लावतात तसली, घरच्या विजेतून चोवीस व्होल्ट देणारी एक पेटी आणून दिली. पुढे अमूल्याने पिरियापट्टणहून, सासरच्या दुकानाच्या दिव्यांच्या पाटीला होती तसली एक पाठवली. दोघांनीही दुसऱ्याला विचारले नाही. कुठलीही एकटी पेटी उपयोगाची नव्हती. मी एकीचा उणे आणि दुसरीचा अधिक एकत्र बांधला, तो जोड शून्य धरला, आणि कुसुम गायला लागली. मी रडलो. हे दोघांना कळवलेले नव्हते, ते आता कळवतो.

५. सुदीपची पेटी सुदीपला आणि अमूल्याची अमूल्याला परत जावी. ॲम्प्लिफायर व टेपचे यंत्र सुदीपला. स्पूल अमूल्याला. अशी पेटी बाजारात मिळते हे मला ठाऊक आहे. स्पूल मिळत नाही, आणि ती वाजवणारे दुसरे यंत्रही माझ्या माहितीत या गावात नाही. आवाज मोबाईलवर उतरवून घेण्यास हरकत नाही. त्यासाठी स्पूल आधी एकदा वाजवावी लागेल.

६. दोन्ही पेट्या एकाच स्विचवर लावाव्यात. एक आधी आणि एक नंतर सुरू केली तर स्पीकर जातो. उजवा त्यानेच गेला.

७. कात्र्या, मापाची टेप व इस्त्री दुकानात राहाव्यात. नवीन दर्जी आल्यास त्याने मोठी कात्री कागदाला लावू नये.

८. स्पूल शेवटपर्यंत ऐकावी. अभंग संपल्यावर माइक कोणी धरायचा यावरून दोन पोरांची मारामारी ऐकू येते. मग कुसुम म्हणते, "दोघंबी धरा की रे. सुम्मने, उगीच कशाला भांडता?" त्यापुढे टेप कोरी आहे. माझेही याहून वेगळे सांगणे नाही.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

रंगराव नारायणराव सुलाखे
म्हैसूर, ९ ऑगस्ट २०२४

साक्षीदार:
१. वेंकटेश, रेडिओ दुरुस्ती. पेट्यांची जोडणी पाहिली, बरोबर आहे.
२. जमुनाबाई, शेजारीण. गाणं भरून टेप बंद झाली तेव्हा मी तिथंच होते. मग दोघांनीबी माइक धरला.