यंदा सलाईन न्हाई

६ जून
ठरलं! यंदा माझं एकबी लेकरू सलाईनवर जाणार न्हाई. मागच्या आषाढात साधनाला हगवण लागली, परभणीच्या दवाखान्यात तिची शीरच सापडंना. ते रडणं अजून कानात हाय. आज माठ घासला, पाणी उकळून भरलं, लांब दांड्याचं ओगराळं आणलं — माठात हात घालायचा न्हाई, कुणीच! सासूबाई बसल्या जागेवरून — "आमी काय पाणी उकळून पिलो का? तरी जगलोच की."
जगा!

१९ जून
रांजण रिकामा करून वाळवला. आत आळ्या वळवळायल्या होत्या, शी! ह्यांनी खिडकीला जाळी ठोकली. वाकडी, पण ठोकली. आशाताई ओआरएसच्या पुड्या अन् झिंकच्या गोळ्या देऊन गेली. "हगवण लागली तर पाणी तोडू नका, उलट जास्त पाजा. डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, तर तडक दवाखाना." मी मान हलवली. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

४ जुलै
माझ्या सुरजला ताप. उतरला.

१३ जुलै
लागलीच हगवण साधनाला! मी पुडी कालवायलेय, तर सासूबाईंनी तांब्याच उचलून नेला. "पाणी घातलं की अजून हगती. बंद कर." पोरगी पाणी पाणी करायली. माझं डोकं फिरलं. तांब्या आणायला मागं गोठ्यात गेले तर काय — एका करडाला बी हगवण, अन् ह्याच बाई त्याला मांडीवर घेऊन बाटलीनं मिठाची पेज पाजायल्यात!
"करडाला पाजता, अन् नातीला तोडता?"
"न्हाई पाजलं तर मरंल की ते..." म्हणल्या. तांब्या माझ्याकडं सरकवला.
मग दिवसभर चमचा चमचा.

१५ जुलै
साधनानं भाकर मागितली! अंगणात पळायली बी! दवाखाना न्हाई, सुई न्हाई — जिंकले! चुलीपुढं एकटीच गिरकी घेतली. ह्यांनी बघितलं, लय हसले. हसा! उद्या सासूबाईंना चांगलंच चिडवणार हाय.

१६ जुलै
शेजारच्या कडूबाईच्या नातवाला हगवण. सासूबाई आपणहून पेज घेऊन निघाल्या. मी चिडवायला तोंड उघडलं, तर दारात वळल्या. "माझा पहिला लेक, परमेश्वर नाव त्याचं... त्यो बी असाच पाणी पाणी करायलता. दीड वर्साचा. म्या न्हाई दिलं."
ह्यांना मोठा भाऊ होता, हे मला आज कळलं.