वर्गात नसलेल्या मुली

१४ जुलै, मंगळवार

प्राचार्यांवरचा राग अजून उतरलेला नाही. आज माझ्या संख्याशास्त्राच्या तासाला येऊन त्यांनी विचारलं, "महाळुंग्याची एसटी बंद झाल्यानं कॉलेजला यायला कुणाला अडचण आहे? हात वर करा." एकही हात वर झाला नाही.

"बघा मॅडम, मग एसटीसाठी डेपोकडे अर्ज कशाला करायचा?"

"सर, ज्यांना अडचण आहे त्या वर्गात नाहीतच! आलेल्या मुलींवरून सगळ्यांचं कसं ठरवता?"

"तुमचं संख्याशास्त्र पुस्तकात ठेवा."

समष्टी म्हणजे सगळा गट आणि नमुना म्हणजे त्यातले निवडलेले थोडे, हे कालच शिकवलं मी. हा कसला नमुना? म्हणे, एकही हात वर नाही. कसा होणार?

कॉलेज सुटल्यावर तडक स्कूटरवरून महाळुंग्याला गेले. एसटी बंद झाल्यापासून न आलेली सारिका शेतात कोथिंबीर काढत होती.

"अडचण आहे का गं?"

"लई हाय, मॅडम. पन इचारलं कुनी? आता घरचे लग्नाचं बघत्यात."

तिथूनच प्राचार्यांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. ती बोलायला लागली, तर त्या माणसानं फोन कट केला. मुलीसमोर!

उद्या अर्ज द्यायला डेपोत मीच जाणार, सारिकाला घेऊन. तिची आई हो म्हणालीय.